सुटं सुटं सांग

रात्री साडेदहाला आमच्या घरात नवरा-बायकोमधलं शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं. "दप्तर भरलं का त्याचं?" हे तो विचारायचा. मी "हं" म्हणायचे, जास्तच दमलेली असले तर "तू भर ना एखाद दिवशी" म्हणायचे, आणि दिवा बंद. लेक दुसरीत होता तेव्हापासून सातवीपर्यंत, सुट्ट्या वजा केल्या तरी हजारावर रात्री झाल्या असतील. लग्न नवीन असताना आम्ही रात्री कशाबद्दल बोलायचो, हे आठवायचा मी मध्यंतरी प्रयत्न केला. खूप बोलायचो एवढं आठवतं. हॉलमध्ये सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून पांघरूण डोक्यावरून घेऊन बोलायचो, तेही आठवतं. विषय एकही आठवेना.

आम्ही डोंबिवलीचे. घर वन बीएचके. नवरा लिफ्टच्या देखभालीच्या कामात, आयटीआय केलेला. कुठल्याही इमारतीची लिफ्ट नुसत्या आवाजावरून ओळखतो, की हिचा ब्रेक गेलाय की दाराचा स्विच. मी पतपेढीत नोकरीला. माझे वडील मराठीचे शिक्षक होते. जेवताना कुणी चुकीचा उच्चार केला तर हातातला घास ताटात ठेवून आधी शब्द दुरुस्त करायचे. हे सांगणं भाग आहे, कारण पुढे जे झालं त्यात त्या घासाचा बराच हात आहे.

लेकाचं काहीतरी वेगळं आहे हे मला पहिलीत दिसलं आणि तिसरीत पटलं. बोलायला पोपट. गोष्ट एकदा ऐकली की पात्रांच्या आवाजासकट परत सांगणार. पण पुस्तक समोर आलं की 'घर'चं 'धर' आणि 'भात'चा 'मात'. पहिली वेलांटी तर त्याची वैरीण. बोलताना आधी क येतो आणि मग इ, लिहिताना मात्र वेलांटी आधी काढायची आणि क मागून. तो वेलांटी काढून थांबायचा, पेन्सिल हवेत, आणि तेवढ्यात अक्षर कुठलं होतं तेच निसटून जायचं. त्याच्या वहीत अशा नुसत्या वेलांट्या उभ्या असत, खाली कुणी नाही, लोक छत्र्या विसरून निघून गेल्यासारख्या.

आकड्यांचं तर विचारूच नका. पंचवीस म्हटलं की तो ५२ लिहायचा. चूक म्हणावी तर त्याची नव्हतीही. मराठीत आपण पाच आधी बोलतो आणि वीस मागून, तो ऐकेल तसं मांडायचा. एकोणतीस म्हटलं की ३९. 'तीस' ऐकू येतंय ना, मग तीनच हवेत पुढे. सदुसष्टला तो नुसता माझ्या तोंडाकडे बघत बसायचा.

रोज साडेसातला मी पतपेढीतून आले की चहा, आणि आठ ते दहा अभ्यास. जेवणाच्या टेबलावर, कारण दुसरं टेबल नाही. पहिली वीस मिनिटं मी आई असायचे. मग आवाज चढायचा. "अरे, आत्ता तर सांगितलं!" हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल याची मोजदाद नको. हातही उचलला आहे. एकदा शुद्धलेखनाच्या दहा शब्दांपैकी नऊ चुकले तेव्हा पट्टी मारली, त्याच्या हातातली पेन्सिल उडून फ्रिजखाली गेली आणि तो रडायचं सोडून आधी पेन्सिल शोधायला वाकला. तो वाकलेला मला अजून दिसतो.

नवरा अशा वेळी काय करायचा? उठून हॉलमध्ये जायचा आणि टीव्हीचा आवाज वाढवायचा. तो वाढता आवाज मी माझ्यावर मारलेला शेरा समजायचे. तुझा मुलगा, तुझी वेलांटी, तूच बघ. दहा वाजता मी पानं वाढायला उठायचे तेव्हा आमच्यात एक अख्खी मारामारी होऊन गेलेली असायची, एकही शब्द न बोलता.

सासूबाई म्हणायच्या, "एवढं काय त्यात? ह्याचा बापही असाच होता. दहावीला तीनदा बसला. झालंच ना सगळं?" मला वाटायचं, सुनेचं म्हणणं मान्य करायचं नाही म्हणून बोलताहेत. सासूच्या बोलण्यात माहितीही असू शकते, हे सुनांच्या लक्षात यायला फार वर्षं लागतात.

शाळेने तपासणी करून घ्यायला सुचवलं तेव्हा २०१८ साल होतं. लेकाला आठ पूर्ण झाली होती. अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे वाचन-लेखन-गणितात असं अडण्याचा, दाखला आठ वर्षांच्या आधी देत नाहीत, मग चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी, अठराव्या वर्षी पुन्हा. पालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात खेपा सुरू झाल्या. डोळे, कान, बालरोगतज्ज्ञ, बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. एका दिवसात काही होत नाही. प्रत्येक गोष्टीला वेगळी तारीख, प्रत्येक तारखेला सकाळची सहा बावन्नची लोकल आणि माझी एक रजा. सात खेपा झाल्या. सातही मी एकटीने केल्या. तो म्हणायचा, "मला त्यातलं काय कळतंय? तुला बरोबर बोलता येतं." मला ते पटायचंही. मनातून तर आवडायचंही. एक फाइल केली होती मी, निळी, तारखेनुसार लावलेली. ती कुणी हाताळलेली मला चालायची नाही.

पाचव्या की सहाव्या खेपेला एका बाईंनी फॉर्म भरता भरता विचारलं, "घरात अजून कुणाला वाचायला-लिहायला त्रास होता का? वडील, काका, आत्या?" हा त्रास पुष्कळदा घराण्यात उतरतो म्हणून विचारतात.

मी म्हटलं, "नाही." एक क्षणसुद्धा लागला नाही.

दाखला आला. त्यावर 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' असं होतं. १९९५च्या जुन्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यात ही नव्हती. २०१६च्या कायद्यात एकवीस झाले, त्यात ही आली. मी हे सगळं घरी मोठ्या उत्साहाने सांगत होते. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळेल, लेखनिक मिळेल, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचं अंकगणित घेता येईल, एका भाषेतून सूट मिळेल. नवरा दाखल्याकडे बघत होता. म्हणाला, "म्हणजे दिव्यांग?" मी म्हटलं, "कायद्याने." तो उठला, शर्ट घातला आणि खाली जाऊन आला. मला वाटलं, काय हा मागासलेपणा! लोक काय म्हणतील याचीच पडलीय ह्याला. तसं मी त्याला सुनावलंही. तो काही बोलला नाही. त्या दिवसापासून लेकाबद्दलची कुठलीही गोष्ट मी त्याच्याशी बोलायची ती 'कळवायची' म्हणून, पतपेढीत नोटीस लावतात तशी.

आणि मग जून २०१९. आठवत असेल, बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस, बावीस'च्या जोडीला 'वीस एक, वीस दोन' असं वाचायची पद्धत आली आणि अख्खा महाराष्ट्र पेटला. विधानसभेपर्यंत गेलं ते. विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की मुलांना बोललेलं आणि लिहिलेलं उलटसुलट पडतं, जोडाक्षरं जड जातात, दक्षिणेकडच्या भाषांत आधी वीस आणि मग पाच असंच म्हणतात. ऐकतंय कोण! व्हॉट्सअ‍ॅपवर विनोदांचा पूर आला. नेत्यांच्या आडनावांची फोड करून झाली, म्हणींची झाली.

माझा मुलगा चौथीत, ५२ आणि २५ मध्ये गटांगळ्या खाणारा. त्या पुस्तकाची बाजू घेऊन भांडायला खरं तर मीच उभी राहायला हवी होती. मी काय केलं? मराठीची वाट लावली म्हणून हळहळले आणि तसला एक विनोद घरच्या ग्रुपवर पुढे ढकलला. मास्तरांची मुलगी ना मी.

नवरा समोरच बसला होता. त्याने फोन बघितला, बराच वेळ बघितला. मग म्हणाला, "ह्यात हसण्यासारखं काय आहे?"

मी म्हटलं, "तुला विनोद कळतच नाहीत."

आमच्यातलं अंतर कुठे, कधी, किती वाढलं असं कुणी विचारलं तर मी ही तारीख सांगेन. भांडणं त्याहून मोठी झाली होती आमची. हे भांडणही नव्हतं.

लेकाचा रेमेडिअलचा क्लास, म्हणजे अशा मुलांसाठीची वेगळी शिकवणी, आठवड्यातून दोनदा असायचा, एका बाईंच्या घरी, पहिल्या मजल्यावर. एक तासात घरी जाऊन परत येणं जमत नाही, म्हणून आम्ही चार-पाच जणी खाली जिन्याशेजारच्या बाकावर बसायचो. त्या बाकाने मला पुस्तकांपेक्षा जास्त शिकवलं. पहिलं वर्ष आम्ही फक्त मुलांचं बोललो. दुसऱ्या वर्षी सासवांवर आलो. नवऱ्यांपर्यंत यायला तिसरं वर्ष उजाडलं, आणि तेही एकीच्या एका वाक्यामुळे. ती म्हणाली, "आम्ही आता नवरा-बायको कुठले? रोज संध्याकाळी पालकसभा असते आमची." सगळ्या हसलो आणि मग कुणीच काही बोलेना.

त्यानंतर मात्र धरण फुटलं. एकीला नवऱ्याने सांगितलं होतं, तू नोकरी सोड मग बघ पोरगा सुधारतो की नाही. तिने सोडली, पोरगा होता तसाच राहिला, आता त्याच्याकडे म्हणायलाही काही उरलं नाही आणि तिच्याकडे पगारही. एकीचा नवरा मुलाला इतका जीव लावायचा की ती घरात एकटीच खलनायिका. बाप आला की पत्ते, आई आली की पाढे. तिचं म्हणणं, "मला त्याचा राग येत नाही, हेवा वाटतो." दुसरं मूल बहुतेक कुणाला नव्हतं. तेही असंच असलं तर, या भीतीने आम्हीही थांबलो होतो. तो विषय कुणी जास्त ओढला नाही.

आणि सगळ्यात हळू आवाजात जे बोललं गेलं ते हे, की जवळ यावंसंच वाटत नाही. हे मला माझ्यापुरतं अगदी नेमकं सांगता येईल. रात्री त्याने खांद्यावर हात ठेवला की माझ्या अंगाला आधी वाटायचं, आता ह्यालाही काहीतरी हवंय माझ्याकडून. दिवसभर पतपेढी, मग टेबल, मग पानं, आणि आता हे. तो हात बिचारा नुसता हातच असेल. पण मी कूस बदलायचे. लेकाला शुद्धलेखनाच्या आदल्या रात्री झोपेत दचकायला व्हायचं, म्हणून तो आमच्या दोघांच्या मध्ये झोपायचा. तिघांना पलंग पुरेना, तसा नवरा गादी घेऊन हॉलमध्ये सासूबाईंच्या पायाशी गेला. "तात्पुरतं" असं ठरलं होतं. पाच वर्षं झाली.

एकदा मी रात्री मोबाइलवर शोधत बसले होते की अशा मुलांच्या आईबापांचं पुढे काय होतं. २००८चा एक अमेरिकी अभ्यास सापडला, अतिचंचल मुलांच्या पालकांवरचा. आमच्या मुलांचा प्रश्न वेगळा, तरी शेजारचाच. बाकावरच्या दोघींच्या मुलांना दोन्ही होतं. त्यात मूल आठ वर्षांचं होईपर्यंत अशा घरांत २२.७ टक्के घटस्फोट, इतर घरांत १२.६. मी दुसऱ्या दिवशी बाकावर वाचून दाखवलं. मला वाटलं होतं, सगळ्या हादरतील. एक जण शेंगदाणे सोलता सोलता म्हणाली, "एवढेच? म्हणजे बाकीच्यांच्या तिकडेही गाद्या वेगळ्या असतील, त्या कोण मोजणार?"

त्या बाकावर एक अशीही होती जी या विषयावर फार बोलायचीच नाही, नुसती गालात हसायची. फारच छळलं तेव्हा सांगितलं, की दर रविवारी सकाळी नवरा मुलाला घेऊन बाहेर जातो आणि दहापर्यंत तिला झोपू देतो. "एवढंच?" आम्ही विचारलं. "एवढंच," ती म्हणाली. आम्हाला कुणालाही ते एवढंच वाटलं नाही.

मग मधली वर्षं गेली. करोना, मोबाइलवरची शाळा, ती दोन वर्षं मी गाळते. ज्यांनी काढली त्यांना सांगायला नको आणि इतरांना सांगून कळणार नाही. सासूबाई नाशिकला धाकट्या दिरांकडे राहायला गेल्या. लेकाला मिसरूड फुटू लागली. तो आतल्या खोलीत एकटा झोपू लागला, दार लावून. मग मी बाहेर आले. हॉलमध्ये दोन गाद्या, मध्ये टीपॉय.

२०२४ मध्ये त्याला चौदा पूर्ण झाली. पुन्हा तपासणी, पुन्हा दाखला. पहिल्या तारखेच्या चार दिवस आधी डोंबिवली स्टेशनच्या जिन्यावर माझा पाय मुरगळला. घोट्याला पट्टा, हातात काठी. एकटीने लोकलमध्ये चढणं शक्यच नव्हतं. म्हणून नवरा आला. नाहीतर आलाच नसता. मीच येऊ दिलं नसतं.

तेच रुग्णालय, तीच लांबलचक बाकं, फक्त भिंतीला रंग दिलेला. दोन तासांनी नाव पुकारलं. आत एक तरुण मुलगी बसली होती, नुकती शिकून लागली असावी, भराभर विचारत होती आणि लिहीत होती. जन्म कसा झाला, बोलायला कधी लागला, आजारपणं. सगळी उत्तरं मी देत होते, निळी फाइल मांडीवर. मग ती म्हणाली, "कुटुंबात अजून कुणाला वाचन-लेखनाचा त्रास?"

माझं 'नाही' ओठांवर आलंही होतं.

"मला," नवरा म्हणाला.

तिने मान वर केली नाही. लिहिता लिहिता विचारलं, "कधीपासून?"

"शाळेपासून. अजून आहे."

"दहावी?"

"तिसऱ्या वेळी. चौऱ्याण्णवच्या मार्चला गेलो, ऑक्टोबरलाही गेलो, पंच्याण्णवला सुटलो."

ती लिहीत राहिली. १९९६ पासून महाराष्ट्रात या मुलांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या. एका वर्षाने चुकली ह्याची. लेक बापाकडे बघत होता. एखाद्या इमारतीला आणखी एक मजला आहे हे अचानक दिसल्यावर बघतात तसा. मी कुठे बघत होते ते मला सांगता येणार नाही. फाइलकडे असेन.

परतीच्या गाडीत लेकाला खिडकी मिळाली. मी बसले, नवरा उभा. कुणी काही बोललं नाही, आणि माझ्या डोक्यात सतरा वर्षं उलटी फिरत होती. आमचं लग्न ठरलं २००७ मध्ये. साखरपुड्यानंतर मी त्याला लांबलचक एसएमएस पाठवायचे. तो कधी उत्तर लिहायचा नाही, लगेच फोन करायचा. मी मैत्रिणींना मिरवून सांगायचे, "त्याला माझा आवाज ऐकायचा असतो." बँकेचा फॉर्म असो की गॅसचा, माझ्यापुढे सरकवायचा, "तुझं अक्षर बघ कसं मोत्यासारखं आहे." रोज सकाळी विचारायचा, "पेपरात काय आलंय?" मी म्हणायचे, "समोर तर पडलाय, वाच की." हॉटेलात नेहमी मी मागवीन तेच मागवायचा. आणि कुणी फोन नंबर सांगायला लागलं, अठ्ठ्याण्णव सदुसष्ट वगैरे, की म्हणायचा, "सुटं सुटं सांग रे, एकेक आकडा." मला त्याचा किती राग यायचा. वाटायचं, लक्ष देत नाही माणूस.

सगळं समोर होतं. आठ वर्षांच्या पोराच्या वहीतून मी हेच हुडकून काढलं होतं, निळी फाइल करून. शेजारी झोपणारा माणूस वाचायचा राहिला.

आता इथे कुणाला वाटेल की त्या रात्री आम्ही एकमेकांच्या गळ्यात पडून रडलो. तसलं काही नाही. त्या रात्री मी भांडले. असं भांडले की लेकाने आतून दाराची कडी लावली. सतरा वर्षं? माझ्यापासून लपवलंस ते लपवलंस, त्याच्यापासूनही? त्या टेबलावर तो रोज रडायचा तेव्हा एकदा येऊन म्हणायचं होतंस, की बाळा, मलाही हे जमायचं नाही. त्याला वाटत होतं की सगळ्या जगात आपण एकटेच आहोत. मला वाटत होतं की मी एकटी आहे. आणि तू तिकडे टीव्ही बघत होतास?

तो म्हणाला, "बघत नव्हतो. आवाज वाढवत होतो."

"तेच ते."

"तेच नाही. तू त्याला 'अरे, आत्ता तर सांगितलं' म्हणायचीस ना, ते मला ऐकवायचं नाही. आमचे गुरुजी अगदी तसंच म्हणायचे. तोच सूर. मग पट्टी." थोडं थांबून म्हणाला, "घरी आलो की रोज पुन्हा वर्गात जायचं, कसं जाणार? आणि रात्री त्याच गुरुजींच्या शेजारी झोपायचं."

हे शेवटचं वाक्य तो थट्टेने म्हणाला असावा. मला चार दिवस त्यातून बाहेर येता आलं नाही. चार दिवस आम्ही बोललो नाही. पण तो अबोला आधीच्या अबोल्यांसारखा नव्हता. आधी बोलायला काही नसायचं म्हणून गप्प असायचो.

पाचव्या दिवशी रविवार होता. मी सकाळी गादीवर पेपर घेऊन बसले होते. त्याने चहा आणून ठेवला आणि सवयीने विचारलं, "काय आलंय?" मी पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लागले. तो भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होता. मध्येच म्हणाला, "ते परत वाच, मेट्रोचं." मी परत वाचलं. अग्रलेख झाला, राशिभविष्य झालं, छोट्या जाहिरातीसुद्धा झाल्या. अर्धा-पाऊण तास. इतका वेळ त्याने माझ्याकडून काही ऐकून घेतलं होतं आणि त्यात एकही तक्रार नव्हती, असं किती वर्षांनी झालं होतं देव जाणे. माझा आवाजही मला बरा वाटला. गुरुजींचा नव्हता तो.

आता रात्रीचं वाचन असतं. अकरानंतर, लेकाचं दार लागलं की. टीपॉय कधीच भिंतीला गेला. कधी सकाळचाच पेपर, कधी दिवाळी अंकातली कथा. तो ऐकताना मध्ये मध्ये असे प्रश्न विचारतो की वाटतं, हा माणूस वाचू शकला असता तर कुठच्या कुठे गेला असता. मग वाटतं, जाऊन करायचं काय होतं? कथा कधी पुरी होते, कधीकधी पुरी होत नाही. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी एवढं लिहायला हरकत नसावी.

सगळं ठीक झालंय असं नाही. लेकाने बापाला दोन महिने फटकून वागवलं. त्यालाही माझ्यासारखाच राग आला होता, आणि त्याचा जास्त रास्त होता. माझी जीभ अजून घसरते. पट्टी मी फेकून दिली, पण फ्रिजखाली वाकलेला तो पाठीवरचा शर्ट कुठे फेकणार?

दहावीसाठी लेखनिकाचा अर्ज मुख्याध्यापकांना द्यायचा होता. मी पतपेढीतून आले तेव्हा बापलेक टेबलावर बसले होते, मध्ये कागद. अर्ज नवऱ्याने लिहिला होता, स्वतःच्या हाताने. लग्नानंतर त्याचं एवढं सलग अक्षर मी पहिल्यांदाच पाहिलं. सर्किटच्या आकृतीत तो रेघ काढतो तशा सरळ, सावकाश ओळी. आणि वर ठळक, 'वीनंति'.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पर्समध्ये लाल पेन असतं, पतपेढीतली सवय. बोटं शिवशिवली. वडील वरून बघत असतील तर त्यांनी घास खाली ठेवला असणार.

"छान आहे," मी म्हटलं, आणि पिशवीतली भाजी काढायला ओट्याकडे गेले. अर्ज तसाच शाळेत गेला. लेखनिक मंजूर झाला.

परवा रात्री गिझर बिघडला. विजेचं काम नवराच करतो, पण आतली टाकी गळत होती, त्याला प्लंबरच हवा. मी डायरीतून नंबर काढला आणि चष्मा लावून सांगायला लागले, "घे. अठ्ठ्याण्णव, सदुसष्ट, एकोणऐंशी..."

बाथरूममधून आणि आतल्या खोलीतून एकदमच ओरडा आला, "सुटं सुटं सांग!"

"नऊ," मी म्हटलं. "आठ."